आरोग्य व्यवस्थापनाची शाळा तालुक्यात हवी

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी आली आणि त्यांत १२ नवजात अर्भके असल्याचे कळताच राज्यभर खळबळ उडाली. पुढचे काही दिवस औषधसाठा होता की नव्हता, मंजूर खाटांपेक्षा रुग्ण किती जास्त होते, परिचारिकांची पदे किती रिक्त होती, खरेदीचे अधिकार कोणत्या पातळीवर अडकले होते, यांवर वाद झडला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. याच गदारोळात एका खासदाराने त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना रुग्णालयातले स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्या वर्तनाचा निषेध झाला आणि गुन्हाही दाखल झाला, ते योग्यच होते. मात्र इतक्या मोठ्या रुग्णालयाची सफाई, तिचे कंत्राट, त्या कंत्राटदाराच्या माणसांची हजेरी, औषधांची मागणी, बंद पडलेल्या यंत्रांची दुरुस्ती आणि तिन्ही पाळ्यांची मनुष्यबळवाटणी हे सारे सांभाळायला त्या पदावर बसणाऱ्या प्राध्यापकाला कधी आणि कोणी शिकवले होते, हा प्रश्न त्या वादात फारसा विचारला गेला नाही.

वादात निघालेल्या मुद्द्यांत वैद्यकशास्त्राचा मुद्दा जवळजवळ नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. थोडे मागे गेले तर हेच दिसते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्णांचा जीव गेला. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि आणखी ११ जण गेले. यांपैकी कोठेही निदान चुकले नव्हते की शस्त्रक्रिया फसली नव्हती. विजेची जोडणी, टाकीची देखभाल, अग्निसुरक्षेची तपासणी, रात्रपाळीला कोण कोठे असावे, ही कामे कोणाची आणि ती झाली की नाही हे पाहायचे कोणी, इथे घोडे अडले होते. आपल्याकडे अशा घटनेनंतर चौकशी समिती नेमली जाते, काही जण निलंबित होतात, आणि ज्यांना निलंबित केले जाते ते बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका असतात, म्हणजे ज्यांना ही कामे कोणी शिकवलेली नसतात तेच.

आरोग्यसेवा चालवणे हे स्वतंत्र शिक्षण लागणारे काम आहे. ते शिक्षण आज महाराष्ट्रात उपलब्ध आहे, पण ज्या ठिकाणी त्याची गरज सर्वांत तीव्र आहे त्या ठिकाणापासून ते फार दूर बसलेले आहे. म्हणून माझी मागणी अशी की हे शिक्षण तालुक्याच्या पातळीवर न्यावे, तेथे काम करणाऱ्यांना त्यात आधी जागा द्यावी, आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठी सरकारने अधिकारासह कायम पदे निर्माण करावीत.

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करू. सपाट प्रदेशात तीस हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र, असा निकष आहे. तेथे रुजू होणारा वैद्यकीय अधिकारी पुष्कळदा नुकताच इंटर्नशिप संपवून आलेला पंचविशीतला तरुण किंवा तरुणी असते. सकाळची बाह्यरुग्ण तपासणी हे त्यांच्या दिवसातले सर्वांत सोपे काम ठरते, कारण तेवढेच त्यांना शिकवलेले असते. उरलेला दिवस कशात जातो ते पाहायचे असेल तर लसींच्या आयएलआरवर, म्हणजे लसी थंड ठेवणाऱ्या शीतकपाटावर, ठेवलेली तापमानाची वही उघडून पाहावी. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे आणि दिवसातून दोनदा नोंद झाली पाहिजे, असा नियम आहे. कित्येक वह्यांत महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकाच अंकाची, एकाच शाईची, एकाच हस्ताक्षरातली रांग दिसते. ती वही पाहणाऱ्याला तीन गोष्टी सुचायला हव्यात: नोंद एका बैठकीत भरली गेली आहे, ती भरणाऱ्याला तिचा उपयोग काय हे कोणी सांगितलेले नाही, आणि मधल्या काळात यंत्रातला गारवा वाढून पेंटाव्हॅलंटसारखी गोठल्यावर निकामी होणारी लस गोठून गेली असेल तर ते कोणाला कळणार नाही. आयएलआरचे तापमान किती असावे हा प्रश्न प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांना पाठ असते. आरोग्य सहायक रजेवर असताना ती वही खरीखुरी कशी भरून घ्यावी, याची परीक्षा मात्र कोणी घेत नाही.

याशिवाय औषधांचे मागणीपत्र, मुदत संपत आलेल्या औषधांची शेजारच्या केंद्राकडे रवानगी, १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेच्या कंत्राटी चालकाचे थकलेले मानधन, जैववैद्यकीय कचरा, रुग्ण कल्याण समितीचे इतिवृत्त, लेखापरीक्षणातले आक्षेप आणि निरनिराळ्या पोर्टलवर भरायची माहिती असा सारा संसार त्याच एका माणसाच्या गळ्यात असतो. १९४६ च्या भोर समितीने वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीन महिने समाजवैद्यकाचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यांतून ‘सामाजिक डॉक्टर’ घडवावेत, अशी अपेक्षा ठेवली होती. पुढे तो विषय अभ्यासक्रमात आला, त्याचे विभाग उघडले, आणि विद्यार्थ्यांच्या लेखी तो पाठांतराचा आणि उपस्थितीचा विषय होऊन बसला. दोन वर्षे खेड्यात काढून पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला निघून जाणाऱ्या तरुण डॉक्टरला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. ज्या कामाची आवड नाही, शिक्षण नाही आणि बढतीत किंमत नाही, ते काम तो का म्हणून शिकेल?

आता दुसऱ्या टोकाला, म्हणजे जेथे व्यवस्थापन रीतसर शिकवले जाते तेथे जाऊ. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचे आणि सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे, आणि खासगी विद्यापीठांत रुग्णालय व्यवस्थापनातल्या एमबीएची तर चलती आहे. बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस, बीफार्म झालेली मुले दवाखाना टाकण्याऐवजी इकडे वळतात, कारण दवाखाना टाकायला भांडवल लागते आणि तो चालेल याची खात्री नसते. खासगी महाविद्यालयांत यासाठी काही लाख रुपये मोजावे लागतात. ते फेडायचे असल्याने मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळवणे हेच स्वाभाविक ध्येय होते, आणि अभ्यासक्रमही त्याच बेताने शिवलेला असतो: विपणन, गुणवत्तेचे मानांकन, विमा, ग्राहकसमाधान.

या शिक्षणाला नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. सकाळी अकराला ‘आज घरी जाऊ शकता’ असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर रुग्णाची फाइल कक्षातून औषधविभागाकडे, तेथून बिलिंगकडे, तेथून टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या, टेबलाकडे आणि तेथून विमा कंपनीकडे जाते, आणि नातेवाईक संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसून राहतात, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना त्या टेबलामागे शिकलेला माणूस असण्याचे मोल कळते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये घरी सोडण्याच्या मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घालून दिली, ती पाळणे हेसुद्धा व्यवस्थापनाचे काम आहे. पण दोन वर्षे शिकून बाहेर पडलेल्यांची पहिली नोकरी पुष्कळदा हीच, मजल्यावरची किंवा टेबलावरची असते, आणि तीत वर्षानुवर्षे गेल्यावर आरोग्यसेवा म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाची सेवा, एवढाच अर्थ डोक्यात पक्का होतो. जो दाखल झालाच नाही, ज्याला दाखल व्हायला गाडी मिळाली नाही, किंवा जो घरी गेल्यावर चार दिवसांत पुन्हा आजारी पडला, तो या शिक्षणाच्या नजरेत येत नाही.

खरा व्यवस्थापनाचा प्रश्न मात्र तेथेच आहे, आणि तो समजून घ्यायला मेळघाटातल्या एका गरोदर बाईचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. गावातली आशा सेविका तिची नोंद करते. आशा राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, मानधनावरची. उपकेंद्र आणि बैरागडसारखे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखालचे. रक्तदाब वाढला म्हणून तिला धारणीला हलवले की ते उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांचे, म्हणजे थेट राज्य सरकारचे. तेथे भूलतज्ज्ञ नसला तर दीडशे किलोमीटरच्या आसपास घाटाचा रस्ता ओलांडून अमरावतीच्या स्त्री रुग्णालयात, ज्याला सगळे डफरीन म्हणतात, आणि गुंतागुंत वाढली तर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जे वैद्यकीय शिक्षण खात्याचे. नेणारी गाडी कधी आरोग्य केंद्राची १०२, कधी कंत्राटदाराकडून चालवली जाणारी १०८. बाई एक, पोट एक, आणि तिच्या वाटेत तीन खात्यांच्या तीन आस्थापना, प्रत्येकीची नोंदवही निराळी, बैठक निराळी आणि साहेब निराळा.

ती बाळंत होऊन घरी परतली की पहिल्या बेचाळीस दिवसांत तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जाऊन बाळाला पाहायचे असते. वजन कमी असलेल्या बाळाच्या बाबतीत यांतला पहिला आठवडा निर्णायक असतो. पण बाळंतीण घरी आली, हे आशाला कळवण्याची जबाबदारी डफरीनमधल्या कोणाचीही नसते, आणि नागपूरमधल्या कोणाची तर नसतेच. त्यातही आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. नोंद सासरच्या आशाकडे, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, आणि बाळ दहा दिवसांचे होईतो दोन्हींपैकी कोणाच्याही यादीत नाही, असे सर्रास घडते. संगणकावरच्या नोंदणीक्रमांकाने हा सांधा जुळेल, असे वरून सांगितले जाते. क्रमांक असतोही, पण माहेरची आशा आणि सासरची आशा यांनी एकमेकींना फोन करावा, अशी व्यवस्था कोणीतरी बसवावी लागते आणि ती टिकवावी लागते. ते काम आज कोणाचे, असे विचारले तर कागदावर तालुका आरोग्य अधिकारी असे उत्तर मिळते, आणि त्या अधिकाऱ्याचा दिवस बैठका आणि दृक्‌श्राव्य परिषदा यांत संपलेला असतो.

अशी व्यवस्था बसवता येते, हे महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पाची आठवण आपण बहुधा सेवाभाव म्हणून काढतो. त्यातले व्यवस्थापन आपल्या नजरेतून निसटते. बहुतांशी निरक्षर, कित्येकदा दलित समाजातल्या स्त्रियांना गावाची आरोग्यसेविका म्हणून तयार करायचे, एकदा शिबिर घेऊन मोकळे न होता त्यांना पुन्हा पुन्हा केंद्रावर बोलावून गावात काय घडले ते त्यांच्याच तोंडून ऐकायचे आणि त्यावर पुढचा धडा बेतायचा, ही देखरेखीची पद्धत आहे आणि ती शिकवता येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा देऊन तिची तुलना ४७ गावांशी केली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्या यशात इंजेक्शन आणि श्वास देण्याची पिशवी यांचा वाटा होता, तसाच प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद सुटू न देणाऱ्या शिस्तीचाही होता. पुढे ही सेवा देशभर आशांकडून द्यायचे ठरले. सेवेची कृती देशभर गेली, तिच्यामागची देखरेख मात्र त्याच कसाने गेली नाही, आणि का गेली नाही याचे उत्तर मला तरी असे दिसते की देखरेख करणारी माणसे घडवायला आपण कोणतीही शाळा काढली नाही.

इतर राज्यांकडे पाहायचे तर तमिळनाडूकडे पाहावे. त्या राज्यात १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि जिल्ह्याचे सार्वजनिक आरोग्य सांभाळणारे अधिकारी त्या विषयाचे शिक्षण घेतलेले असावेत, हा दंडक जुना आहे. १९९४ मध्ये तेथे औषधखरेदीसाठी महामंडळ स्थापन झाले. त्याची ख्याती स्वस्त दराच्या निविदांसाठी आहे, पण मला त्यातली पासबुकाची युक्ती अधिक महत्त्वाची वाटते. प्रत्येक आरोग्यसंस्थेला वर्षाची रक्कम ठरवून दिलेली, तिचे पासबुक, आणि जिल्ह्याच्या गोदामातून जे औषध ज्या प्रमाणात लागेल तेवढे उचलायचे, उचललेल्याची किंमत पासबुकात वजा. त्यामुळे आपल्या केंद्रात काय संपते आणि काय पडून राहते, हे त्या केंद्रातल्या माणसाला स्वतःच कळू लागते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली, तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. वरची संस्था बदलण्याचा हा उत्साह समजण्यासारखा आहे. पण खालून येणारे मागणीपत्र मागच्या वर्षीच्या आकड्यांत दहा टक्के मिळवून भरले जात असेल तर वर कोणतीही संस्था बसवली तरी गोदामात नको ते औषध साचणार आणि हवे ते संपणार. मागणीचा अंदाज बांधणे ही आठवडाभरात हाती येणारी कला नव्हे. साथीचा हंगाम, स्थलांतराचे महिने, यात्रा, ऊसतोडीला गेलेली आणि परत आलेली माणसे यांचा हिशेब त्यात येतो. हे मुंबईच्या वर्गखोलीत शिकवता येणार नाही.

म्हणून आरोग्य व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आखताना निम्मा काळ एखाद्या तालुक्यात, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि एका ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवह्यांत आणि बैठकांत घालवला गेला पाहिजे. महिनाभराची भेट देऊन प्रकल्प-अहवाल बांधून आणण्याने हे साधत नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावरच्या शिफारशी सगळ्यांच्या सारख्याच असतात. विद्यार्थ्याने वर्षभरात एक गोष्ट प्रत्यक्ष बदलून दाखवावी: औषधांचा खंड, गाडीला लागणारा वेळ, परत न येणारे क्षयरुग्ण, माहेरी हरवणारी बाळे, यांपैकी काहीही. त्यावर त्याचे गुण ठरावेत, आणि गुण देणाऱ्यांत त्या केंद्रातली आरोग्यसेविका असावी.

या अभ्यासक्रमात कोणाला घ्यावे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. वीस-पंचवीस आशांचे काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक बायका आज जे करतात ते व्यवस्थापनच आहे, फक्त त्याच्या मोबदल्याला मानधन म्हणतात. त्यांतल्या अनेक जणी पदवीधर आहेत. पंधरा वर्षे तालुक्यातले प्रत्येक गाव पायाखाली घातलेली गटप्रवर्तक, औषधनिर्माण अधिकारी, आरोग्य सहायक, अधिपरिचारिका यांना वेतन चालू ठेवून शिकायला पाठवले तर तालुक्याला असा व्यवस्थापक मिळेल, जो बदली मागणार नाही. आयुष्मान भारत योजनेत २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमताना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला गेला आणि महाराष्ट्रात बीएएमएस झालेले हजारो तरुण त्या वाटेने आले. नोकरीसाठी ठरावीक शिक्षण अट म्हणून घालता येते आणि ते सरकारी खर्चाने देता येते, हे त्यातून सिद्ध झाले. तो अभ्यासक्रम उपचारांकडे झुकलेला होता, हा भाग वेगळा.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो: आमच्या डोक्यावर बिगर-डॉक्टर साहेब कशाला? प्रत्यक्षात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी असतो, जिल्ह्याच्या वर जिल्हाधिकारी, खात्याच्या वर सचिव, आणि यांपैकी कोणी डॉक्टर असण्याची अट नाही. बिगर-डॉक्टरांचा हुकूम डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. फरक एवढाच की त्या बिगर-डॉक्टरांनाही आरोग्यसेवा चालवण्याचे शिक्षण नसते. मी सुचवतो तो व्यवस्थापक वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वर नसून बाजूला असावा. कोणत्या रुग्णाला काय द्यायचे हे डॉक्टर ठरवील, ते वेळेवर हातात येईल हे व्यवस्थापक पाहील. ज्या डॉक्टरांना व्यवस्थापनाची आवड आहे त्यांनी हेच शिक्षण घेऊन या वाटेला यायला काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हापासून जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, समूह संघटक अशी पदे आहेतच. त्यांनी काय दिवे लावले? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या पदांची रचना पाहावी. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरचा माणूस, ज्याची सही कोणत्याही देयकावर चालत नाही, ज्याला कायम कर्मचारी आपला मानत नाहीत, आणि ज्याचे मुख्य काम तक्ते भरून वर पाठवणे हे आहे, त्याच्याकडून व्यवस्था बदलण्याची अपेक्षा करणे हा विनोद आहे. त्यांतले काही जण त्याही स्थितीत चांगले काम करतात, कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने करतात, आणि वय वाढले की खासगीकडे निघून जातात. त्यांच्या पदरी जमलेला अनुभव त्यांच्याबरोबर जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा संवर्ग उभारावा असे म्हटले, आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शिका काढून सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्य व्यवस्थापन असे दोन संवर्ग वेगळे सुचवले. कागद तयार आहे. अडले आहे ते राज्याच्या सेवाप्रवेश नियमांत.

पैशाचा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. पैसा येतो तेव्हा तो वेळेत आणि कामाच्या ठिकाणी खर्चू शकणारा माणूस नसल्याने मार्चअखेर फर्निचर आणि रंगरंगोटी होते, हे जिल्हा परिषदेत वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

राहता राहिली घरी द्यावी लागणारी काळजी, आणि या बाबतीत आपण अजून पहिले पाऊलही टाकलेले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे ९.९ टक्के होती, गोव्यात ११.२ टक्के, दोन्ही आकडे देशाच्या सरासरीच्या वर, आणि त्यानंतर ते वाढलेच असणार. पुण्या-मुंबईत ज्याला ‘ब्युरो’ म्हणतात, त्याच्याकडे फोन केला की बारा किंवा चोवीस तासांच्या ड्यूटीला मावशी येतात. त्यांना अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलायची, नळीतून अन्न कसे द्यायचे हे कोणी शिकवले, त्यांना सुट्टी कधी मिळते, म्हाताऱ्या माणसाला दुखापत झाली किंवा मावशींवरच हात उगारला गेला तर दाद कोठे मागायची, याची उत्तरे ब्युरोगणिक बदलतात. आपला शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे आणि तो जागेची नोंदणी करतो; घरी जाऊन दिल्या जाणाऱ्या सेवेला त्यात जागा नाही. जिल्ह्याच्या गावी तर ब्युरोही नसतो, सून असते. केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना आणि हाल कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण जाहीर केले आणि ती पंचायतीच्या कामात आणली. मलप्पुरम आणि कोझिकोडच्या स्वयंसेवकांनी आधीच घालून दिलेल्या घडीवर ते उभे राहिले. परिचारिका घरोघरी जाते, स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात, औषधांचा आणि गादीचा खर्च पंचायत पाहते. ही घडी बसवणे म्हणजे याद्या, पाळ्या, गाड्या, औषधांचा परवाना आणि माणसांची समजूत, आणि हे सारे शिकण्याचे विषय आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांना मान्यता देताना समुदायसेवा, वर्तनविज्ञान आणि इतर व्यावसायिक असा एक वर्ग केला आणि परिहार सेवेतल्या व्यावसायिकांना त्यात जागा दिली. त्यामुळे आमच्या मुलांनी कोणत्या क्षेत्रात जावे, असे विचारणाऱ्या पालकांना मी या दिशेकडे बोट दाखवतो, मात्र नोकऱ्या आज थोड्या आहेत, हेही लपवत नाही.

यामुळेच क्रम महत्त्वाचा आहे. अभ्यासक्रम आधी काढले आणि पदे मागाहून पाहू म्हटले तर आणखी एक पदवी बेकारांच्या हाती जाईल आणि शुल्क तेवढे वसूल होईल. सरकारने आधी दोन जिल्हे घ्यावेत, एक मेळघाट ज्यात येतो त्या अमरावतीसारखा किंवा गडचिरोलीसारखा आणि एक कोकणातला, जेथून तरुण मुंबईला गेले आहेत आणि गावात म्हातारी माणसे उरली आहेत. त्यांच्या प्रत्येक तालुक्यात आरोग्य व्यवस्थापकाचे एक कायम पद लोकसेवा आयोगामार्फत भरावे, निम्म्या जागा खात्यातल्या कर्मचाऱ्यांना राखून ठेवाव्यात आणि त्या पदाला तीन गोष्टींचा पूर्ण अधिकार द्यावा: औषधांची मागणी आणि वाटप, गाड्या, आणि देखभाल-दुरुस्तीचा निधी. जिल्हा परिषदेचे केंद्र असो वा राज्याचे रुग्णालय, तालुक्याच्या हद्दीत त्याची सही दोन्हीकडे चालली पाहिजे. हे जमवायला ग्रामविकास आणि सार्वजनिक आरोग्य या दोन खात्यांनी एकत्र शासन निर्णय काढावा लागेल, आणि माझ्या अंदाजाने सर्वांत जास्त वेळ तेथेच जाईल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या पदांसाठी लागणारा अभ्यासक्रम त्याच दोन जिल्ह्यांत चालवावा. तीन वर्षांनी हिशेब घ्यायचा तो किती बैठका झाल्या याचा नको. मेळघाटातल्या बाळंतिणीकडे तिसऱ्या दिवशी आशा पोचली का, आणि कोकणातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे महिन्यातून किती वेळा परिचारिका गेली, एवढ्या दोन आकड्यांवर तो घ्यावा.